निळ्यातला ठिपका

ऑफिसच्या प्रशिक्षणात मी सगळ्यात ढ. आजचा धडा होता: मालाच्या गाड्या आत्ता कुठे आहेत, ती माहिती क्लाउडवरून घेऊन नकाशावर मांडायची. चक्क माझाच नकाशा सगळ्यांआधी उमटला. सगळे ठिपके रस्त्यांवर होते. फक्त आमचे हे चालवतात त्या गाडीचा ठिपका पुलाशेजारी, नदीच्या निळ्या रंगात होता आणि हळूहळू सरकत होता. “ताईंनी गाडीची होडी केली!” मागून कोणीतरी म्हणालं. सगळे खो खो हसले, मीही हसले. मग ह्यांना फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. “सर, माझं काय चुकलंय ते बघा ना,” मी म्हणाले. देवा, चूक माझीच असू दे. सरांनी एकेक ओळ तपासली, पुन्हा पहिल्यापासून तपासली. त्यांचं हसू मावळलं. “ताई,” ते हळूच म्हणाले, “तुमचं काहीच चुकलेलं नाही.”