मालकिणीची परवानगी

टीव्हीवर वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयाच्या पायऱ्या दाखवत होते. तिकडे सुनावणी झाली तेव्हा माउई बेटावर उजाडलंही नव्हतं. आता फुमिए तेंगानच्या खानावळीत भात वाफाळत होता आणि कोणत्या न्यायमूर्तींनी काय विचारलं, ते बातमीवाली बाई सांगत होती.

"आवाज वाढव ना, आंटी," काउंटरच्या टोकाला बसलेला वेस्ली म्हणाला. रस्तादुरुस्तीच्या कामावर जाता जाता तो रोज इथे थांबायचा. "आपल्या हवाईचीच केस आहे."

"माझ्या दुकानाची म्हण." फुमिएने तव्यावर अंडं फोडलं. "कमरेला पिस्तूल लावून आत यायचं, तर आधी मालकाला विचारायचं. एवढाच कायदा. त्यात कोर्टात जाण्यासारखं काय आहे? कोणाच्या घरात शिरताना चपला काढतोच ना आपण?"

"कायद्याविरुद्ध कोर्टात गेलेले म्हणतात, दुकान उघडं ठेवलंस म्हणजे बोलावलंसच. नको असेल तर तू पाटी लाव."

"वा! पिस्तूल त्याने आणायचं आणि पाटी मी रंगवायची?"

"पण आंटी, रीतसर परवाना घेऊनही दारोदार हात जोडायचे, तर परवाना दिला कशाला?"

"ते मला नाही माहीत. माझ्याकडे आजवर कोणी विचारायला आलेलं नाही. म्हणजे इथे येणाऱ्यांत कोणाकडे ते नाहीच." ती वळली. "हो की नाही रे, एल्टन?"

एल्टन फुर्तादोच्या तोंडात सॉसेजचा घास होता. बायको गेल्यापासून तो सकाळचं इथेच खायचा. दिवसभरात कोणाशी बोलणं व्हायचं ते इथेच. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. त्याने घास गिळला.

"माझ्याकडे आहे," तो म्हणाला.

वेस्ली हसला. "अंकल, खायची सुरी नव्हे, पिस्तूल म्हणतेय ती." मग त्याने एल्टनचा चेहरा पाहिला आणि हसू आवरलं.

"आत्ता आहे?" फुमिएने विचारलं.

"आत्ता."

"कधीपासून?"

"ग्लेंडा गेली, त्यानंतरच्या उन्हाळ्यापासून. परवाना आहे माझ्याकडे."

"परवान्याचं नाही विचारलं मी." फुमिएने टीव्ही बंद केला. "म्हणजे रोज. रोज माझ्यासमोर बसून, माझ्या हातचं खाताना. इथे कोणाची भीती वाटते तुला? माझी? का या वेस्लीची?"

"इथे नाही वाटत." एल्टनने काटा खाली ठेवला. "घरी वाटते. संध्याकाळ झाली की. ते कमरेला असलं म्हणजे घरात आणखी कोणीतरी आहे असं वाटतं. मग सकाळी काढून ठेवायला हात धजत नाही."

तव्यावरचं अंडं करपायला लागलं होतं.

"विचारायचंस तरी," फुमिए म्हणाली.

"आता विचारतोय. कोर्टाचा निकाल लागेल तेव्हा लागेल. मग कदाचित विचारायची गरजही पडणार नाही. पण मी आज विचारतोय, फुमिए. राहू दे का?"

तिने अंडं तव्यावरून खरवडून टाकून दिलं. एप्रनला हात पुसले, पुन्हा पुसले. ती हो म्हणेल असं एल्टनला वाटत होतं. इतक्या वर्षांची ओळख.

"नाही," फुमिए म्हणाली. "आत नको."

"आंटी, असं काय? आपले अंकल आहेत ते."

"तू खा गपचूप."

एल्टन उठला आणि बाहेर आपल्या पिकअप ट्रकमध्ये जाऊन बसला. पिस्तूल समोरच्या कप्प्यात कुलपात ठेवलं असतं, तर त्याला लगेच परत आत जाता आलं असतं. त्याने कप्प्याचं झाकण उघडलं. शर्ट वर करून कमरेला हात लावला. तसाच थोडा वेळ बसून राहिला. काचेतून वेस्ली पुढे झुकून फुमिएला काहीतरी सांगताना दिसत होता. आपल्याबद्दलच असणार. त्याने शर्ट खाली ओढला, झाकण लावलं आणि गाडी सुरू केली.

तेवढ्यात फुमिए बाहेर आली. हातात चांदीच्या कागदाने झाकलेली बशी होती. तिने पलीकडच्या खिडकीतून हात घालून ती सीटवर ठेवली.

"अर्धं टाकून गेलास. वर नवीन अंडं घातलंय."

"कागदी डबे संपले वाटतं?"

"आहेत ढीगभर. कागदी डबा तू फेकून देशील. ही काचेची आहे, धुऊन परत आणायची. आणि मी खिडकीतून घेणार नाही. आत येऊन द्यायची."

"आणि हे?" त्याने कमरेकडे नजर टाकली.

"ते आणलंस तर दारातूनच विचार. मी नाहीच म्हणेन." ती जायला निघाली, थांबली. "तरी विचारत जा."

डोंगरावरच्या त्याच्या घराकडे जाणारा रस्ता निलगिरीच्या झाडांतून नागमोडी वर चढत होता. कागदाखालून सॉसेजचा वास येत होता. प्रत्येक वळणावर एल्टन उजवा हात शेजारच्या सीटपुढे आडवा धरायचा. हात लांब केला की कमरेचं लोखंड बरगडीत टोचायचं. मागची गाडी हॉर्न वाजवून पुढे निघून गेली, तरी त्याने वेग वाढवला नाही. शेजारी कोणीतरी झोपलंय आणि धक्का बसून जागं होईल, अशा बेताने तो गाडी चालवत राहिला.