जोडीनं उतरायचं पाणी

“अजून वेळ गेलेली नाही, वहिनी,” दीर म्हणाला. “तलावावर जाऊ. पाणी नितळ आहे, तळ दिसतो. नव्या माणसानं पहिल्यांदा तिथंच उतरावं.”

“मला इथंच उतरायचंय, भाऊजी.”

 त्याच्या पाठीवर हवेचा सिलिंडर होताच. काठावरच्या खडकावर बसून तो पायांत रबरी पंख चढवू लागला. ती त्याच्यासमोर गुडघाभर पाण्यात उभी होती. मागे बंद पडलेली दगडाची खाण, काठोकाठ भरलेली. पाणी काळंशार आणि इतकं निपचित, की वर पडलेलं पानही जागचं हलत नव्हतं.

समुद्र इथून लांब. सिलिंडर बांधून बुडी मारायची हौस असली, तर जवळपास तलाव, नाहीतर धरणामागचं पाणी, नाहीतर ही खाण. तिचा नवरा खाणीचा वेडा होता, आणि खाणीनंच त्याला नेलं. दोघे भाऊ जोडीनं उतरले, धाकटा एकटाच वर आला. श्वास घेतला, परत बुडी मारली आणि थोरल्याला घेऊन आला, तेव्हा सगळं संपलं होतं.

चौकशी झाली. सिलिंडरमध्ये हवा भरपूर. हवा सोडणारा नॉब पूर्ण उघडा. नळ्या शाबूत. मग धडधाकट माणूस मरतो कसा? दीर एवढंच बोलला, “पाणी गढूळ झालं. दादाला मी नजरेआड होऊ दिलं. चूक माझी.” त्यापुढे तोंडातून अक्षर नाही. तो बुडी मारायला शिकवायचा, त्या क्लबनं त्याचं शिकवणं बंद केलं. नातेवाईक त्याला बघून रस्ता बदलू लागले. सासूबाई म्हणाल्या, आपलेच दात, आपलेच ओठ, कुणाला दोष द्यायचा? तिला ते मुळीच पटलं नाही. जोडीचा माणूस खाली टाकून जो स्वतःचा जीव घेऊन वर पळतो, त्यानं केसानं गळा कापला म्हणायचं, दुसरं काय?

म्हणून ती शिकायला गेली. शेजारीपाजारी म्हणाले, नवरा पाण्यानं नेला आणि ही बया पाण्यातच निघाली, डोकं फिरलंय हिचं. बहीण म्हणाली, तेरड्याचा रंग तीन दिवस, सोडेल आपोआप. तिनं सोडलं नाही. पोहण्याच्या तलावात नाकातोंडात पाणी गेलं, कान ठणकले, पोरासोरांबरोबर बाकावर बसून लेखी परीक्षा दिली. शेवटी तिचा फोटो असलेलं कार्ड हातात पडलं. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, तुमच्याइतकं मन लावून कुणी शिकलं नाही. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत.

पाण्यात एकट्यानं जायचं नाही, जोडीदार हवाच, हा तिथला पहिला नियम. तिनं दिराला फोन केला. तो आधी नको म्हणाला, परत नको म्हणाला आणि मग आला.

तिचं सगळं ठरलं होतं. खाली अंधारात तो पुढे असेल. मागून त्याच्या सिलिंडरचा नॉब बंद करायचा आणि वर यायचं. एकटीनं. कुणी विचारलंच तर सांगायचं, पाणी गढूळ झालं. भीती वाटत होती, नाही असं नाही. पण राग त्याहून मोठा होता.

“माझा नॉब बघता?” दिरानं विचारलं. उतरण्याआधी जोडीदारानं बघायचा असतो.

आत्ता काही करायचं नव्हतं. आत्ता त्याला संशयही येता कामा नये. ती पुढे वाकली आणि त्याच्या खांद्यावरून हात मागे घातला. नवरा पाण्यात उतरायचा तेव्हा काठावर त्याचा नॉब तीच बघायची; हे काम तिच्या हातात वर्षानुवर्षं बसलेलं होतं. नवऱ्यानंच शिकवलं होतं: उघडा असला तरी एकदा आपल्या हातानं खात्री करायची, अडेपर्यंत आपल्याकडे ओढत फिरवायचा, मग केसभर परत. तिनं अडेपर्यंत ओढत फिरवला. केसभर परत फिरवला.

दिरानं तिचं मनगट धरलं.

कळलं याला. कसं कोण जाणे, पण कळलं.

“राहू द्या,” तो म्हणाला. “मी बघतो.” आणि हात मागे नेऊन त्यानं नॉब स्वतःच फिरवला. बराच वेळ फिरवत राहिला.

“हात का धरलात, भाऊजी?”

“काही नाही. चला.”

“काही नाही कसं? सांगा.”

सांगायचं त्याच्या जिवावर आलं होतं, हे तिलाही दिसलं.

“मागे उभं राहून आपल्याकडे ओढला की तो उघडतो,” तो शेवटी म्हणाला. “समोरून ओढला की बंद होतो. मग केसभर परत फिरवलात, तर तेवढाच उघडा राहतो. काठावर श्वास नीट येतो, काही कळत नाही. खोल गेलं की येत नाही.”

“मी नेहमी मागेच उभी राहते,” ती म्हणाली.

नवरा नेहमी उभा असायचा, ती त्याच्या पाठीशी. फक्त तो गेला त्या दिवशी घाई होती. तो पंख चढवून खडकावर आधीच बसला होता. नॉब बघ गं, म्हणाला, आणि ती पाण्यातूनच, समोरून, त्याच्यावर वाकली होती. गालाला गाल लागला म्हणून तो हसलाही होता.

तिनं खडकाचा आधार घेतला.

“खोटं बोलताय,” ती म्हणाली. “नॉब पूर्ण उघडा होता. चौकशीत सगळ्यांनी बघितला.”

“होता,” दीर म्हणाला. “दादाला वर आणायच्या आधी मी उघडला, वहिनी.”