दोन्ही पाय हवेत

राजापेठकडचा उड्डाणपूल उतरताना किशोरनं घड्याळ पाहिलं आणि हिशेब मांडला. असाच दम टिकला तर शर्यत दोन तासांच्या आत. दोन तासांच्या आत म्हणजे लाल टी-शर्ट. लाल टी-शर्ट म्हणजे अकोल्याच्या पहाटपळ मंडळाच्या फोटोत पुढची रांग. आणि पुढच्या रांगेतल्या माणसाला मंडळात कोणी नावानं हाक मारत नाही. त्याला 'सर' म्हणतात. मागच्या रांगेतल्याला म्हणतात, "ओ किशोरभाऊ, जरा बॅगा गाडीत टाका बरं." किशोरनं आजवर पुष्कळ बॅगा गाडीत टाकल्या होत्या.

मागच्या वर्षी हे सगळं अर्ध्या मिनिटानं हुकलं होतं. शर्यत अमरावतीची, आणि अमरावती त्याची सासुरवाडी. सासूबाई सुभद्राबाई घराजवळच्या चौकात ओवाळणीचं ताट घेऊन उभ्या होत्या. जावई आपल्या गावात एवढा मोठा पळतो आणि ओवाळल्याशिवाय दारावरून जातो, हे त्यांना पटणारं नव्हतं. त्यांनी त्याला थांबवलं, कुंकू लावलं आणि वर तोंडात पेढा कोंबला. तो गिळता गिळता अर्धं मिनिट गेलं.

किशोरनं तो पेढा वर्षभर पुरवला. वरणात मीठ कमी पडलं की पेढा. बायकोनं, साधनानं, माहेरी जायचं नाव काढलं की पेढा. मंडळाचे अध्यक्ष महादेवराव चारचौघांत चहा पिताना म्हणायचे, "तुमाले सासरच आडवं येते बापा!" किशोर तिथं हसायचा. घरी आल्यावर हसत नसे.

म्हणून यंदा त्यानं साधनाला आधीच बजावलं. "तुह्या मायले सांगून ठेव. कोणी मधात यायचं नाही."

साधनानं सांगितलं. पण सुभद्राबाईंनी त्यावरही तोड काढली होती. "थांबवत नाई वो त्याईले. मी कडंलेच राह्यतो. ते पळत जातीन, मी पळता पळताच ओवाळतो." त्यांनी ताटातलं निरांजन काढून ठेवलं, जावयाला चटका बसायला नको. पेढ्यांचा तर डबाच घरी राहिला. आदल्या संध्याकाळी त्यांनी साधनाला अंगणात पळायला लावून सरावही केला. एक पाऊल पुढे, चिमूटभर अक्षता, एक पाऊल मागे. दोघी मायलेकी हसून हसून थकल्या.

पूल संपला तसं किशोरला चौकाच्या कडेला ते ताट दिसलं. पितळेचं, कोवळ्या उन्हात चमकणारं. त्याचं डोकंच सटकलं. त्यानं मान खाली घातली आणि वेग वाढवला. "जवाईबापू!" असं काहीतरी ऐकू आलं. हात कशाला तरी लागला. मागे खणखणाट झाला. पाण्याच्या टेबलावरचं काही पडलं असेल, असं त्यानं ठरवलं. वळून पाहण्यात वेळ जातो.

तो दोन तासांच्या आत आला.

महादेवरावांनी स्वतःच्या हातानं लाल टी-शर्ट त्याच्या अंगात चढवला. "या सर, पुढं या!" किशोर पुढे बसला. फोटो झाला, पोहे झाले, दुसऱ्याच कोणीतरी बॅगा गाडीत टाकल्या. साधना मात्र मैदानात कुठेच दिसेना. शेवटी तिचाच फोन आला.

"आई पडली. हाडाच्या दवाखान्यात आहो आमी. खुबा मोडला."

"कशी काय पडली?" किशोरचा आवाज एकदम बारीक झाला.

"ती म्हणते, पाय सरकला."

किशोरनं मोठा सुस्कारा सोडला. साधनाला तो दुःखाचा वाटला.

चार-पाच दिवसांनी शर्यतीचे फोटो आले. किशोरचा फोटो महादेवरावांनीच मंडळाच्या ग्रुपवर टाकला. पळणाऱ्याच्या नशिबी असा फोटो एखादाच येतो. छाती पुढे, दोन्ही पाय हवेत. "काय उडून राहिले सर!" "पुढच्या वर्षीच्या बॅनरवर हाच घ्या!" अंगठ्यांची आणि टाळ्यांची रास पडली. दुपारपर्यंत अख्ख्या मंडळाचे किशोरचे पाय पाहून झाले.

साधनानं तो फोटो दवाखान्यात, आईच्या खाटेजवळ बसून पाहिला. दोन बोटांनी मोठा केला. पाय सोडून ती वर सरकली, कोपरापाशी थांबली. कोपराला लागून ताट उभं तरंगत होतं. अक्षता उडालेल्या. मागे हिरवं पातळ, आडवं झालेलं, आणि एक चप्पल कुठल्या कुठे. त्या फोटोत आईचेही दोन्ही पाय जमिनीवर नव्हते.

तिनं मोबाइल आईसमोर धरला. "हा तुहा पाय सरकला काय?"

सुभद्राबाईंनी क्षणभर पाहिलं आणि मोबाइल गादीवर पालथा घातला.

"ठेव तो. मले काय तवाच माहीत नव्हतं? त्याईले एका शब्दानं इचारू नोको, तुले त्याईच्याच घरी नांदाचं हाय." कूस बदलायला गेल्या, ते जमलं नाही. तशाच पडून म्हणाल्या, "आले न ते दोन तासात? मंग झालं. आता तुले कोणी पेढा काढून दाखवणार नाई."

एका पेढ्याचा हिशेब असा मिटला. घेतला किशोरनं, वर्षभर फेडला साधनानं, आणि शेवटची बाकी सुभद्राबाईंनी खुब्याच्या हाडानं चुकती केली.