तेविसावा फर्मा

तेविसावा फर्मा बाइंडरनं शर्टाच्या आत पोटाशी सरकवला आणि मगच लेकीच्या खोलीचं दार ढकललं. हातात पुस्तकाचा नवा भाग होता. चेहरा इतका भाबडा केला होता, की बघणाऱ्याला आधी संशय यावा.

लेक पलंगावर उताणी होती. नाटकांना दिवे लावता लावता ती शिडीवरून पडली, पाठीचं ऑपरेशन झालं, आणि आता कमरेला पट्टा बांधून ती दिवसभर छत बघायची. घरी आली त्याच दिवशी तिनं एक भलीमोठी कादंबरी मागून घेतली. पूर्वेकडच्या जुन्या साम्राज्यांच्या इतिहासावरून रचलेली, पण भुताखेतांनी खच्चून भरलेली. रेशमी झेंडे, गवताळ मुलखातून उधळत आलेले घोडेस्वार, आणि एका नावाड्याची पोर, जी नगारा बडवून मेलेल्या सैनिकांना पुन्हा लढायला उठवते आणि सेनापती होते. पान उलटलं की मुडदा. पुस्तक एवढं जाड, की उताण्या माणसानं छातीवर घेतलं तर बरगडी मोडावी.

"बाबा, कापून द्या," लेक म्हणाली होती.

बाइंडरनं कापलं. जाड पुस्तक म्हणजे सोळा-सोळा पानांच्या घड्यांची चळत. त्या एका घडीला धंद्यात फर्मा म्हणतात. रोज एक फर्मा तो सुटा करायचा, त्याला जाड कागदाचं कव्हर शिवायचा आणि लेकीच्या हातात ठेवायचा.

या माणसाच्या हाताखालून लाखभर पुस्तकं गेली असतील. त्याची शिलाई अशी, की त्यानं बांधलेला एक शब्दकोश ट्रकखाली आला, तर ट्रक गॅरेजात गेला आणि शब्दकोश परत कपाटात. पण वाचलेलं पुस्तक एकही नाही. तो पुस्तकं ओळखायचा ती वजनावरून आणि दोऱ्यावरून. हे मात्र वाचायला लागला. आजारी पोरीच्या हातात आपण रोज काय देतोय ते बघावं, एवढ्यासाठीच. आणि पुरता अडकला. सुई दोऱ्यासकट टेबलावर लोळायची आणि हा नावाड्याच्या पोरीबरोबर नदी ओलांडत असायचा.

तेविसाव्या फर्म्यात त्या पोरीचा घोडा कड्यावरून कोसळला, तोही तिच्याच अंगावर. तंबूत वैद्य आला. त्यानं तिच्या पायांना सुई टोचून पाहिली, मान खाली घातली आणि म्हणाला, "सेनापती, यापुढे तुम्हाला उभं राहता". तिथं सोळावं पान संपलं.

बाइंडरनं पुढचा फर्मा उघडलाच नाही. लेकीला धरून चालता यावं म्हणून त्यानं पलंगापासून गॅलरीपर्यंत भिंतीला लाकडी कठडा ठोकून घेतला होता. डॉक्टरांना फोन केला की ते "बघू" म्हणायचे, आणि हा त्या "बघू"वर दर वेळी आशेचा एक मजला चढवायचा. अशा पोरीला हे वाचायला द्यायचं? त्यानं तेविसावा बाजूला काढला आणि चोविसावा न वाचताच शिवून टाकला. माणूस शेवटी बाइंडर. गोष्टीत वाईट जे काय होतं, ते त्याच्या हिशेबानं घडीबरोबर बाहेर आलं होतं.

लेकीनं नवा भाग उघडला आणि पहिली ओळ मोठ्यानं वाचली.

"'येणार नाही.' काय येणार नाही, बाबा?"

"पाऊस," बाइंडर म्हणाला.

"पानांचे आकडेही उडालेत मधले."

"छापखान्यातच गळला तो फर्मा. मशीनवाल्याचं लग्न होतं त्या दिवशी, त्याचं लक्ष कुठलं कामात? आणि सोळाच्या सोळा पानं पावसावर होती म्हणे. ढग, दुष्काळ, बेडूक. तू कंटाळून झोपली असतीस, राणीसरकार."

"या पुस्तकात पाऊस पडतो तो बाणांचा. आणि तुमचं पोट कधीपासून चौकोनी झालं?"

बाइंडरचा हात पोटाकडे गेला. कागद कुरकुरला. तो पलंगाच्या कडेला टेकला.

"नको गं वाचूस ते. तो लेखक नाही, कसाई आहे."

"मी पडायच्या आधीच वाचलंय हे सगळं. दोनदा."

"दोनदा? मग मला कशाला जुंपलंस? बोटं बघ माझी, चाळणी झालीय!"

"तुम्ही पुढचं पान वाचलंत?"

"नाही. छाती झाली नाही."

"मग ऐका. 'येणार नाही. ती बराच वेळ तंबूच्या छताकडे बघत राहिली. मग म्हणाली, बरं. नकाशा आणा, आणि मला तो दिसेल अशी बसवा.'" लेकीनं भाग मिटला. "पुढचं सगळं युद्ध ती मेण्यात बसून लढते, बाबा. आणि शत्रूला पळता भुई थोडी करते."

बाइंडर सुटल्यासारखा हसला. "अरे वा! भलतीच निघाली की!" त्यानं शर्टातून फर्मा काढला आणि चुरगळलेला कोपरा मांडीवर सपाट केला. "पण ती पडली गोष्टीतली. तिच्या दिमतीला भुतं. तुला कशाला हवा मेणाबिणा? तू तर महिन्याभरात..."

लेकीनं त्याचा हात धरला. सुईनं टोचलेल्या बोटांवरून हळूच अंगठा फिरवला.

"घरी सोडलं त्या दिवशी तुम्ही खाली गाडी बघायला गेला होतात ना, तेव्हा डॉक्टरांनी मला तेच सांगितलं, बाबा, वैद्यानं तिला सांगितलं ते. बाबांना मी सांगते, असं मीच म्हटलं त्यांना. पण तुमच्यासमोर तोंडच उघडेना. मला द्यायच्या आधी तुम्ही वाचाल, म्हणून पुस्तक कापायला दिलं."