न घासलेली बाटली

ही १९९८ सालची गोष्ट. प्रयोगशाळेत बाटल्या धुणाऱ्या मावशींना संशोधक मॅडमनी बोलावलं होतं. मॅडमचे औषधासाठीचे सोन्याचे बारीक कण रक्ताइतक्या खारट पाण्यात एकमेकांना चिकटत आणि लाल पाणी निळं पडे. आज एकाच बाटलीतलं पाणी लाल राहिलं होतं.

“मावशी, ही कशी धुतलीत?”

“नुसती विसळली हो. पाणी गेलं होतं. कालच्या प्रयोगातलं ते जेलीसारखं जिलेटिन राहिलं असेल आत. कामावरून काढू नका.”

“काढू? अहो, त्याचाच थर कणांवर बसला, म्हणून ते चिकटले नाहीत! अशा थरासाठी दोन वर्षं डोकं फोडतेय मी!”

पुढे मॅडम संचालक झाल्या. मावशींच्या निवृत्तीला त्यांनी तीच बाटली भेट दिली. मावशींनी घरी जाऊन आधी ती लख्ख घासली, तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला.