वायर कोण काढतं?

वायर पुन्हा निघालेली होती.

मुलीने खांद्यावरची पर्ससुद्धा उतरवली नव्हती. टेबलाखालच्या काळ्या डब्यात अख्ख्या घराचे फोटो आणि कागदपत्रं साठवलेली होती. तो डबा कॉम्प्युटरला जोडणारी निळी वायर फरशीवर सुटी पडली होती.

"बाबा, वायर कोण काढतं?" तिने दारातूनच विचारलं. आवाज नको तेवढा चढला.

बाबा कॉम्प्युटरसमोर बसले होते. भर दुपारी त्यांनी पंखा बंद ठेवला होता. मी हात लावत नाही, असं ते म्हणाले, तेही अगदी साध्या आवाजात. आई गेल्यापासून घरात माणूस एकच. मग वायर काय उंदीर उपटतात? या वेळी वायर निघालेली दिसली, तर घराला कुलूप लावायचं आणि बाबांना आपल्याकडे न्यायचं, असं तिचं आणि भावाचं फोनवर ठरलं होतं. बाबांचं डोकं आता ठिकाणावर नाही, असं भाऊ म्हणाला होता आणि तिने नाही म्हटलं नव्हतं.

तिने पंखा लावला, वायर खोचली आणि बाबांना खुर्चीवरून उठवून स्वतः बसली. 'घर' नावाचं फोल्डर उघडेना. डबा बंद करून चालू केला. दिवे लुकलुकले. मग पासवर्ड चुकला, परत चुकला. कॅप्स लॉक चालू होतं! स्वतःलाच चार शब्द सुनावून तिने तो परत टाकला आणि 'घर' भरलं. सहली, विजेची बिलं, भाच्याचे दात पडलेले फोटो. सगळं जागच्या जागी. नव्हता तो फक्त आईचा आवाज. शेवटच्या आजारपणात आई अंथरुणावरून कॉम्प्युटरच्या माइकवर रोज काहीबाही बोलून ठेवायची. ते कुठे गेलं, कोणालाच कळलं नव्हतं. मुलीने सगळा डबा पालथा घातला होता.

"गेली," बाबा मागून म्हणाले.

कोण, असं तिने विचारलं नाही. दर खेपेला त्यांचं हेच असायचं, तू जोडलंस की ती जाते. आज तिने सांगूनच टाकलं, कपडे भरा, माझ्याकडे चला. बाबा भांडतील असं तिला वाटलं होतं. ते भांडले नाहीत, याचंच तिला जास्त वाईट वाटलं.

"निघण्याआधी एकदा वायर काढ," ते म्हणाले, "आणि मग 'घर' उघडून बघ."

चला, त्यांचं मन तरी राहील. तिने वायर काढली, कॉम्प्युटर बंद करून चालू केला आणि 'घर' उघडलं. ते रिकामं असायला हवं होतं. आत रेकॉर्डिंगची लांबच लांब रांग होती.

आधी तिला काही कळेचना. मग डोक्यात प्रकाश पडला. आई बोलून ठेवत होती, त्या दिवसांत वायर ढिली असणार. डबा जोडलेला नसताना जे साठवलं, ते कॉम्प्युटरच्या स्वतःच्या 'घर'मध्ये जाऊन बसलं. डबा जोडला की त्यातलं सगळं वर पसरतं, गादीवर चादर घालावी तसं, आणि खालचं झाकलं जातं. पुसलं काहीच जात नाही. म्हणजे दर वेळी दुरुस्तीच्या नावाखाली ती आपल्याच हातांनी आईवर चादर घालत आली होती.

तिने पहिलं रेकॉर्डिंग लावलं. पंख्याच्या घरघरीत आईचा आवाज आला, जरासा बसलेला. निळा स्वेटर वरच्या खणात आहे, सगळं कपाट उपसू नका. झोपण्याआधी गॅस बंद केलाय ना, बघा. मुलीला हसू आलं आणि हसता हसताच रडू आलं.

"बाबा, हे आधी सांगायचं नाही का?"

"सांगतच होतो."

बॅग भरायची आता काही गरज नव्हती. बाबांचं डोकं अगदी ठिकाणावर होतं. डोळे पुसत तिने त्यांना चिडवलं, म्हणजे वायर काढणारे चोर तुम्हीच! बाबांनी मान हलवली. मी नाही, असंच ते पुन्हा म्हणाले, मघाइतक्याच साधेपणाने. मग बोटाने त्यांनी रांगेतलं शेवटचं नाव दाखवलं.

त्यावर आजची तारीख होती. माइक तर आई गेल्यावर ती स्वतःच घेऊन गेली होती, तो तिच्या घरी कपाटात होता. तिने ते लावलं. बराच वेळ काहीच नाही. मग जिन्यावर पावलं, दाराची कडी आणि तिचा स्वतःचा चढलेला आवाज, बाबा, वायर कोण काढतं? मग बाबांचा, मी हात लावत नाही. आणि मग अगदी जवळून, शेजारीच खुर्ची ओढून बसावं तसा, तो बसलेला आवाज.

"ह्यांना ओरडू नकोस गं. वायर मी काढते."

रेकॉर्डिंग तिथे संपलं नव्हतं. पुढेही कोणी तरी हळू आवाजात बोलत होतं, पण घरघरीत शब्द लागत नव्हते.

मुलगी उठली आणि तिने पंखा बंद केला.