रक्ताचा रिपोर्ट

थोरल्याची मूत्रपिंडं निकामी होत चालली होती आणि धाकटा त्याला आपलं एक द्यायला तयार झाला होता. तपासणीच्या सकाळी दोघांचं रक्त दवाखान्यातच घेतलं. लघवीच्या बाटल्या मात्र दुसऱ्या दिवशी घरून द्यायच्या होत्या. थोरल्याचे पाय सुजलेले, म्हणून धाकट्यानेच दोन्ही बाटल्या नेऊन दिल्या.

रिपोर्ट आले. थोरल्याच्या लघवीत प्रोटीनचा मागमूस नव्हता आणि धाकट्याच्या लघवीत ते भरमसाट होतं.

"औषध लागू पडलं म्हणायचं," म्हणत थोरल्याच्या बायकोने डोळे पुसले.

"दादा सुटला, वहिनी, यातच सगळं आलं," धाकटा म्हणाला. "मी द्यायला निघालो, तर माझंच भांडं गळकं निघालं."

डॉक्टरांनी दोघांच्या रक्ताचे रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले आणि ते थोरल्याला म्हणाले, "मूत्रपिंड म्हणजे चाळणी. ती फाटली की प्रोटीन लघवीतून वाहून जातं आणि रक्तात कमी पडतं. तुमच्या भावाच्या रक्तात ते पुरेपूर आहे. कमी झालंय ते तुमच्याच. बाटल्यांची अदलाबदल झालेली दिसते. उद्या दोघांनीही इथेच येऊन नमुने द्या."

"उद्या मला जमणार नाही," धाकटा खाली बघत म्हणाला.

थोरल्याने त्याच्याकडे मान वळवली नाही.

"त्याला परवाही जमायचं नाही, डॉक्टर. माझ्या डायलिसिसचे वार ठरवून टाका."